अनुराधापूर, मिहिंतले, पोलोन्नरुवा: तळपायांच्या सोयीने आखलेला प्रवास

अनुराधापूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपारी रुवनवेलिसाय स्तूपाच्या आवारात शिरलो. चपला बाहेर ठेवल्या, दहा पावलं टाकली आणि अकराव्या पावलाला तापलेल्या तव्यावर पडलेल्या माणसासारखा नाचायला लागलो. प्रदक्षिणेची अर्धी वाट सावली शोधण्यात गेली आणि स्तूपाकडे मान वर करून बघायचं राहूनच गेलं. पांढरी साडी नेसलेल्या एका आजीबाई हसल्या आणि हाताने खूण करून सांगितलं, संध्याकाळी या.

श्रीलंकेतल्या बौद्ध अवशेषांबद्दल मला जे सांगायचंय, त्याचं सार त्या खुणेत आहे. इथली निम्मी ठिकाणं निव्वळ भग्नावशेष आहेत आणि निम्मी आजही पूजेत आहेत. जिथे पूजा चालते तिथे चपला निघतात. म्हणून दिवसाची आखणी तळपायांच्या सोयीने करा: अनवाणी चालायची ठिकाणं सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, आणि मधला वेळ झाडीतले विहार, म्युझियम आणि जेवण यांना. पुढचा सगळा बेत याच हिशोबाने लावलेला आहे.

कधी जावं

अनुराधापूर, त्याच्या शेजारचं मिहिंतले आणि पोलोन्नरुवा, ही तिन्ही ठिकाणं श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात येतात. नैऋत्येचा पाऊस कोलंबो आणि डोंगराळ भागावर पडून संपतो, इकडे फारसा पोचत नाही. इथला पाऊस ईशान्य मान्सूनचा, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, त्यातही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जास्त. म्हणजे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये छत्र्या उलट्या होत असतात, तेव्हा अनुराधापूरला कोरडं ऊन आणि वारा असतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम. जून ते सप्टेंबर चालेल, पण गरम. एप्रिल-मे मुलांच्या सुट्टीमुळे मोहात पाडतो, पण तेव्हाची दुपार विदर्भातल्या माणसालाही दमवते, कारण उन्हाबरोबर दमटपणाही असतो.

दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी असते, तिला 'पोया' म्हणतात. शब्द आपल्या उपोसथातून, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवसातून, आलेला. त्या दिवशी दारू मिळत नाही, मांसविक्रीही बंद असते, आणि पांढऱ्या कपड्यांतली गावंच्या गावं अनुराधापूरला लोटतात. जूनची पोसोन पौर्णिमा सगळ्यात मोठी, कारण अशोकाचे पुत्र महेंद्र थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) धम्म घेऊन त्या दिवशी मिहिंतलेला आले अशी परंपरा आहे. श्रद्धेने जायचं असेल तर पोसोन जरूर गाठा. रस्तोरस्ती फुकट अन्न-सरबत देणारे 'दन्सल' मांडव लागतात. फक्त राहायची जागा फार आधी ठरवून ठेवा. शांतपणे शिल्पं बघायची असतील तर मात्र पौर्णिमेच्या मागचापुढचा एकेक दिवस टाळा.

पोचणं

भारतीय पासपोर्टला निघण्याआधी ऑनलाइन प्रवासपरवानगी, म्हणजे ईटीए, काढून घ्यावी. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच बघा. त्याच नावाच्या जवळपासची, दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळंही शोधात वर येतात. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांत पोचतं. घड्याळ बदलावं लागत नाही, तिथली वेळ आपलीच.

विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे आणि अनुराधापूरही उत्तरेलाच. त्यामुळे शहरात जाऊन परत फिरण्यात अर्थ नाही. विमान रात्री उतरत असेल तर जवळच्या नेगोम्बोत झोपा आणि सकाळी निघा. गाडीने चार-पाच तास लागतात. रेल्वे हवी असेल तर मात्र कोलंबो फोर्ट स्टेशन गाठावं लागेल. तिथून उत्तरेच्या मार्गावर अनुराधापूर येतं. बसही आहेत, स्वस्त आहेत, आणि ड्रायव्हर जीव खाऊन चालवतात. गाडी ठरवलीत तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की वाटेत रत्नांचं दुकान आणि मसाल्याची बाग नको. नाहीतर दोन तास तिथेच जातात.

दिवस किती? अनुराधापूरला दोन रात्री पुरे, पण तीन झाल्या तर बरं. पोलोन्नरुवाला दोन. एका दिवसात सिगिरिया-पोलोन्नरुवा-दंबुल्ला उरकणाऱ्या सहली मिळतात. त्यात फोटो मिळतात, बाकी काही नाही.

बॅगेत काय

पांढरे किंवा फिकट, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. जाड मोजे, कारण चपला निघाल्या तरी मोजे चालतात आणि दुपारी तेवढेच वाचवतात. चपला ठेवायला कापडी पिशवी. बाहेरच्या वाटांसाठी छत्री, कारण पवित्र आवारात टोपीही काढावी लागते. मीठ-साखरेची पाकिटं, डासांचं मलम, आणि मूळ पासपोर्ट. झेरॉक्सवर भागत नाही. का ते पुढे सांगतो.

वागण्याचे दोन-तीन नियम तिथे फार गांभीर्याने घेतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, म्हणजे सेल्फी नाहीच. मूर्तीचा फोटो काढायचा तर तोंड मूर्तीकडे. आपल्याकडे अनेक तरुणांच्या दंडावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असतं, प्रेमानेच. तिथे तो अनादर समजतात आणि त्यावरून परदेशी पर्यटकांना परत पाठवल्याचेही प्रकार झालेत. गोंदण बाहीखाली झाकून ठेवा, बुद्धाचं चित्र असलेला टीशर्ट घरीच राहू द्या. भिक्खूंना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी.

महाराष्ट्रातल्या विहारात त्रिसरण-पंचशील म्हणत वाढलेल्यांना इथे एक वेगळाच आनंद मिळतो. भाषा कळत नाही, पण 'नमो तस्स भगवतो' सुरू झालं की शेजारच्या सिंहली कुटुंबाबरोबर तुम्हीही अखेरपर्यंत म्हणू शकता. शेवटचं 'साधु, साधु, साधु' तर सारखंच.

तिकिटांचा गोंधळ

परदेशी पाहुण्यांसाठीचे दर डॉलरमध्ये आहेत आणि ते स्वस्त नाहीत. पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, आणि ती मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. खिडकीवर पासपोर्ट दाखवा, त्यासाठीच तो मूळ हवा. अनुराधापूरचं मुख्य तिकीट एका दिवसापुरतं असतं. त्यात अभयगिरी, जेतवनाराम आणि तिथली संग्रहालयं येतात. श्री महाबोधी, इसुरुमुनिया आणि मिहिंतले यांचं वेगळं, लहान शुल्क. रुवनवेलिसायला तिकीट नाही. म्हणून तिकिटाची ठिकाणं एका दिवसात आणि बाकीची दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी करा. 'तिकिटाशिवाय आत नेतो' म्हणणारा रिक्षावाला भेटेलच. त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

चार शब्द आधी शिकून घ्या

सिंहली ही आपल्या भाषेची दूरची बहीण, त्यामुळे पाट्या वाचताना गंमत येते. स्तूपाला ते 'दागब' म्हणतात: धातुगर्भ. कार्ल्याच्या चैत्यातल्या स्तूपाला आपल्याकडे जुनी माणसं दागोबा म्हणायची, तोच हा शब्द. 'पोकुण' म्हणजे पुष्करणी. 'वेहेर' म्हणजे विहार. 'वटदागे' म्हणजे दागबावर बांधलेलं गोल घर. पायरीपाशी अर्धगोल कोरीव दगड असतो त्याला 'सँदकडपहण' म्हणतात: चंद्र, खंड, पाषाण. आणि 'वेव' म्हणजे तलाव, तो तर पावलोपावली.

पहिला दिवस: अनुराधापूर, तिकिटाचा

सकाळी सातला सायकल भाड्याने घ्या. जागा सपाट आहे, पण ठिकाणं लांब लांब. गुडघे कुरकुरत असतील तर तीनचाकी दिवसभरासाठी ठरवा, मात्र भाडं बसायच्या आधी.

सुरुवात जेतवनारामपासून. महासेन राजाने (इ. स. 276 ते 303) हा स्तूप सुरू केला. मूळ उंची सुमारे 122 मीटर मानतात, म्हणजे त्या काळी गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर जगात याहून उंच बांधकाम नव्हतं. आज 71 मीटर उरलंय. अंदाजे नऊ कोटींहून जास्त विटा. पांढरा रंग नाही, उघडी तांबडी वीट, त्यामुळे सकाळच्या उन्हात तो स्तूप वाटत नाही, टेकडी वाटते. चौथऱ्यावर अनवाणी चालायचंय, म्हणून तो आधी.

नऊ-साडेनऊपासून दुपारपर्यंत अभयगिरी. माझ्या मते सगळ्या अनुराधापुरातला हा सर्वांत श्रीमंत भाग, आणि घाईतले लोक नेमका हाच गाळतात. इथे मोठी झाडं आहेत, सावली आहे, आणि बहुतेक ठिकाणी चपला घालून फिरता येतं. वळगंबा राजाने इ. स. पूर्व पहिल्या शतकात हा विहार स्थापला. पुढे महायान विचारालाही इथे जागा मिळाली, आणि महाविहाराशी, म्हणजे इथल्या जुन्या, परंपरानिष्ठ विहाराशी, त्याचं शतकानुशतकं वाजलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान सिंहलात दोन वर्षं राहिला. इथल्या हिरव्या रत्नाच्या बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमी पंखा त्याला दिसला, आणि इतकी वर्षं घर सोडलेल्या त्या माणसाला रडू आलं. हे आठवून इथे फिरलं की पडक्या खांबांमध्ये माणसं दिसायला लागतात.

अभयगिरीत तीन गोष्टी शोधून बघा. पहिली, 'महासेनचा महाल' म्हणून दाखवतात तिथला चंद्रपाषाण. नाव महालाचं असलं तरी ती विहाराचीच इमारत. बाहेर ज्वाळांची कड, मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागून एक, मग वेल, मग हंसांची रांग, आणि मध्यात कमळ. बैल नीट लक्षात ठेवा, पोलोन्नरुवाला त्याचं काम आहे. दुसरी, कुट्टम पोकुण, म्हणजे जोड पुष्करणी. सगळे पायऱ्यांचे फोटो काढतात. तुम्ही लहान तळ्याच्या टोकाला वाका: पाणी आधी छोट्या दगडी कुंडात येऊन गाळ खाली बसायचा आणि मग मकरमुखातून तळ्यात पडायचं. शेजारी पाच फण्यांचा नाग राखण करतोय. तिसरी, समाधी बुद्ध. साधारण सात फूट उंचीची बसलेली मूर्ती, चेहऱ्यावर शांतता. नेहरूंना ती इतकी आवडली की देहरादूनच्या तुरुंगात तिचं छायाचित्र त्यांनी कोठडीतल्या टेबलावर ठेवलं होतं. इथे मात्र चपला काढा, आणि थोडा वेळ खाली बसा.

जेवणाला 'राइस अँड करी': भात आणि चार-पाच भाज्या. शाकाहारी असाल तर 'मस्, माळु एपा' म्हणा: मांस नको, मासे नकोत. तेवढ्यावर निश्चिंत राहू नका, कारण नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, सुक्या मालदीव माशाची पूड असते. तिला 'उंबलकड' म्हणतात, तीही नको असं नाव घेऊन सांगा. तहानेला केशरी शहाळं, 'तंबिली'. गोडाला मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि कितुल माडाची काकवी.

दुपारच्या कडक वेळेत पुरातत्त्व संग्रहालय. तिथे कोरीवकाम केलेले मुतारीचे दगड आहेत. हसू येईल, पण गोष्ट मोठी आहे. शहराच्या पश्चिमेला कडक व्रताचे भिक्खू राहत. आपल्या इमारतींवर ते एक नक्षी करीत नसत, फक्त या दगडांवर मात्र भरजरी विहारांसारखं कोरीवकाम. सुखासीन विहारांना हा टोमणा होता, असं मानतात.

संध्याकाळी इसुरुमुनिया. तळ्याकाठच्या कातळावर हत्ती असे कोरलेत की पाण्यातच डुंबताहेत. युगुलाचं प्रसिद्ध शिल्प आतल्या खोलीत आहे. वर चढून तिस्सा वेवच्या बाजूला सूर्यास्त बघा आणि खोलीवर जा.

दुसरा दिवस: पहाटे मिहिंतले, संध्याकाळी महाबोधी

मिहिंतले साधारण 13 किलोमीटरवर. पहाटे साडेपाचला निघालात तर सूर्य वर यायच्या आत वर पोचता. पायऱ्या 1840 सांगतात, पण त्या रुंद आणि बसक्या आहेत, दम लागत नाही. गाडीने अर्ध्यावर जाता येतं. तरी चालता येत असेल तर खालूनच चढा, कारण गाडीने गेलं की वाटेतलं सगळं चुकतं. पायथ्याशी जुन्या रुग्णालयाचे अवशेष आहेत आणि माणसाच्या आकाराची दगडी द्रोणी, तिच्यात औषधी काढ्यात रोग्याला निजवत. वर भिक्खूंच्या भोजनशाळेत भातासाठीचं नावेसारखं लांब दगडी भांडं.

वरच्या सपाटीवर अंबस्थल दागब. आम्रस्थलच ते. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथातली गोष्ट अशी: देवानंपिय तिस्स राजा शिकारीला आला, समोर महेंद्र थेर उभे. त्यांनी राजाची बुद्धी जोखायला विचारलं, या झाडाचं नाव काय? आंबा. याखेरीज दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. या आणि त्या आंब्यांखेरीज इतर झाडं आहेत? आहेत, पण ती आंबे नव्हेत. आणि ते दुसरे आंबे, ती इतर झाडं सोडून आणखी काही? राजा म्हणाला, हाच आंबा. मग उपदेश सुरू झाला. त्याच ग्रंथात अशोकाच्या काळी चहूकडे पाठवलेल्या थेरांची यादी आहे: लंकेला महेंद्र, आणि महारट्ठाला, म्हणजे महाराष्ट्राला, महाधम्मरक्खित. आपलं नाव एकाच पानावर निघतं, हे मला तिथे उभं असताना आठवलं आणि बरं वाटलं.

शेजारचा आराधना गल हा उघडा कातळ. लोखंडी कठडा धरून चढायचं, वारा ढकलतो. लहान मुलांना एकटं सोडू नका. माकडांपुढे हातात खाऊची पिशवी नको.

दहापर्यंत खाली उतरा. मग झोप काढा, खरंच. चारनंतर पांढरे कपडे घालून आजीबाईंनी सांगितलेली वेळ पाळा: आधी महाबोधी, मग रुवनवेलिसाय.

महाबोधीला सुरक्षा तपासणी कडक आहे. 1985 मध्ये या शहरात हल्ला होऊन कित्येक यात्रेकरू मारले गेले होते. आत गेल्यावर अनेकांची निराशा होते, कारण ते चुकीच्या झाडाकडे बघत असतात. भोवतालचे मोठे पिंपळ हे राखणदार. मूळ वृक्ष सर्वांत वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी टेकूंवर विसावलेला, बारीकसा. संघमित्रा थेरींनी बोधगयेहून आणलेली ही फांदी इ. स. पूर्व 288 मध्ये लावली असं परंपरा सांगते. लागवडीचं वर्ष माहीत असलेलं, माणसाने लावलेलं जगातलं सर्वांत जुनं झाड म्हणून ते ओळखलं जातं. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा वंश, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लावलेला. वरच्या चौथऱ्यावर जाऊ देत नाहीत. खाली बसा, गळालेलं पान मिळालं तर वहीत ठेवा, पान तोडू मात्र नका.

तिथून रुवनवेलिसायला चालत जाता येतं. वाटेत लोवामहापाय लागतो, 1600 दगडी खांबांचं जंगल, कधीकाळचा नऊ मजली विहार. रुवनवेलिसाय दुटुगेमुणू राजाने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत राजा मरणपंथाला लागला, तेव्हा भावाने अर्धवट स्तूपावर पांढरं कापड ताणून तो पूर्ण झाल्याचं त्याला दाखवलं, अशी कथा आहे. विसाव्या शतकात जीर्णोद्धार होण्याआधी इथे झाडं उगवलेला ढिगारा होता. आता फरशी निवलेली असते, दिवे लागतात, ढोल-सनई वाजते. एक प्रदक्षिणा घाला, मग कुठेतरी टेका.

पोलोन्नरुवा

तिसऱ्या दिवशी हबरणमार्गे इकडे या, साधारण 100 किलोमीटर. ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर वाटेत मिन्नेरियाला हत्तींचे कळप जमतात, ती दुपार त्यांना द्या. चौथ्या दिवशी सकाळी सातला म्युझियमजवळ तिकीट काढा आणि सायकलीने निघा. इथलं सगळं उत्तर-दक्षिण ओळीत आहे, त्यामुळे चुकायला होत नाही.

चोळांनी 1017 मध्ये राजा पाचव्या महिंदला धरून नेलं, अनुराधापूर मागे पडलं आणि राजधानी इकडे आली. चोळांची खूणही इथे आहे, त्यांचं दगडी शिवमंदिर आजही जवळपास धड उभं आहे. पण शहराचं वैभव पराक्रमबाहूच्या काळचं (1153 ते 1186).

लोक राजवाड्यापासून सुरुवात करतात. तुम्ही थेट चौकोनी प्राकारात, म्हणजे दळदा मळुवात जा, कारण तिथे चपला काढायच्या आहेत. वटदागेच्या पायरीशी वाका: चंद्रपाषाणावर बैल नाही. शैव प्रभावामुळे नंदीवर पाय पडू नये म्हणून तो वगळला, असं स्पष्टीकरण देतात. समोरच गल पोत, दगडी पुस्तक, सुमारे 25 टनांची शिळा. निस्संकमल्ल राजाने त्यावर स्वतःचीच स्तुती कोरवली आणि ती मिहिंतलेहून आणवल्याचंही त्यावरच नमूद केलं. नऊ वर्षं राज्य केलेल्या या राजाने मिळेल त्या दगडावर आपलं नाव घातलंय. असे पुढारी आपल्यालाही अनोळखी नाहीत.

मग रंकोत वेहेर, लंकातिलक, किरी वेहेर करत दहाच्या आत गल विहार गाठा. एकाच अखंड ग्रॅनाइट कातळात चार मूर्ती. निजलेली मूर्ती सुमारे 14 मीटर. पावलांकडे जा: वरचं पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेलं आहे. ही झोप नव्हे, महापरिनिर्वाण, हे सांगायची शिल्पकाराची ती रीत. डोक्याखालच्या उशीला पडलेला दगडी खळगाही बघा. उभी, हात छातीवर घेतलेली मूर्ती बुद्धाचा शिष्य आनंद याची की बुद्धाचीच, यावर अजून वाद आहे. समोरच्या उघड्या कातळावर बसून तुम्हीही आपलं मत ठरवा. वेळ उरला तर आणखी उत्तरेला तिवंक मूर्तिगृहातली भित्तिचित्रं. अजिंठा पाहिलेल्याला ती ओळखीची वाटतील.

दुपारी म्युझियम. मग चपला घालून राजवाडा, तीन मीटर जाडीच्या भिंतींचा. शेवटी पराक्रम समुद्र नावाच्या तलावाच्या बांधावरून दक्षिणेला जा. तिथे कातळात कोरलेली, हातात पोथीसारखं काही धरलेली पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती आहे. कुणी तिला पराक्रमबाहू म्हणतं, कुणी ऋषी. त्या वेळी तिथे बहुधा कुणीच नसतं. उजेड असेतो बांधावर बसा, पण अंधाराच्या आत सायकल परत करा: भाड्याच्या सायकलींना बहुतेक वेळा दिवा नसतो, आणि या भागात तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर हत्ती येतात.